सात गुणांनी हरले असते तरी चालले असते: महिला बास्केटबॉल विश्वचषकाचे गणित

२५ सप्टेंबर २०१८ रोजी स्पेनच्या टेनेरिफे बेटावर महिला बास्केटबॉल विश्वचषकाचा एक साखळी सामना झाला आणि त्यात बेल्जियमने यजमान स्पेनला ७२-६३ असे हरवले. नऊ गुणांचा हा फरक वरकरणी साधाच वाटतो. बास्केटबॉलमध्ये नऊ गुण म्हणजे एखाद्या चांगल्या मिनिट-दोन मिनिटांची कमाई. पण त्या संध्याकाळी स्पेनला जिंकण्याची गरजच नव्हती. सात गुणांच्या फरकाने हरूनही तो संघ गटात पहिला आला असता; तो नऊ गुणांनी हरला आणि दुसरा आला. एका बास्केटची किंमत म्हणजे पुढच्याच दिवशी खेळावा लागलेला एक जादा सामना. हे असे का घडले, हे समजून घेतले की या स्पर्धेचे बरेचसे अवघड वाटणारे नियम आपोआप सुटत जातात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मराठीत एक अडचण आहे. चेंडू जाळीतून गेल्यावर जे मिळतात तेही गुण आणि सामना जिंकल्यावर तक्त्यात जे चढतात तेही गुण. घोटाळा नको म्हणून या लेखात तक्त्यातल्या गुणांना साखळी गुण म्हटले आहे. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांनुसार जिंकणाऱ्या संघाला दोन साखळी गुण मिळतात आणि हरणाऱ्या संघाला एक. ज्यांनी केवळ क्रिकेटचे आणि फुटबॉलचे तक्ते पाहिले आहेत त्यांना हे विचित्र वाटते, कारण पाचच्या पाच सामने हरलेल्या संघासमोरही पाचाचा आकडा दिसतो. प्रो कबड्डीच्या अनेक हंगामांत सातपेक्षा जास्त नसलेल्या फरकाने हरलेल्या संघाला एक गुण मिळत असे, पण ते चिवट झुंजीचे बक्षीस होते. इथे नव्वद गुणांनी हरलेल्यालाही तोच एक गुण मिळतो. तो झुंजीचा नाही, हजेरीचा आहे. संघ मैदानात उतरलाच नाही किंवा त्याने खेळण्यास नकार दिला, तर सामना २०-० असा प्रतिस्पर्ध्याला बहाल होतो आणि साखळी गुण मिळतो शून्य. मात्र दुखापती आणि पाच-पाच फाउल यांमुळे एखाद्या संघाकडे मैदानात उभ्या करण्यासाठी दोन खेळाडूही उरल्या नाहीत, तर सामना गमावूनही एक साखळी गुण हाती राहतो. नियम करणाऱ्यांनी न येणे आणि येऊन संपणे यांत केलेला हा भेद मला फार नेमका वाटतो.

बास्केटबॉलच्या अशा स्पर्धेत सामना बरोबरीत सुटत नाही. दहा-दहा मिनिटांचे चार भाग संपल्यावर गुणसंख्या सारखी असेल, तर पाच मिनिटांचा जादा डाव होतो, आणि निकाल लागेपर्यंत असे डाव होत राहतात. सामन्यात बरोबरी नसली, तरी तक्त्यात ती वारंवार होते, कारण गट लहान असतात आणि सामने मोजके. चार संघांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला तीनच सामने येतात. टेनेरिफेच्या ‘क’ गटात नेमके हेच झाले. त्या गटात स्पेन, बेल्जियम, जपान आणि पोर्तो रिको असे चार संघ होते. पोर्तो रिकोला तिघांनीही हरवले. उरलेल्या तिघांत स्पेनने जपानला ८४-७१ असे, जपानने बेल्जियमला जादा डावात ७७-७५ असे आणि बेल्जियमने स्पेनला ७२-६३ असे हरवले. म्हणजे प्रत्येकाचे दोन विजय, एक पराभव आणि पाच साखळी गुण. आता पहिले कोण?

क्रिकेटमध्ये अशा वेळी आपण सरळ नेट रनरेट काढतो आणि त्यात दुबळ्या संघाला झोडपून मिळवलेली कमाईही धरतो. फिबाचा नियम वेगळा आहे. समान साखळी गुण असलेल्या संघांचे फक्त आपापसातले सामने आधी वेगळे काढायचे आणि इतर सामने तूर्त नाहीतच असे समजायचे. दोनच संघ बरोबरीत असतील तर काम सोपे आहे, कारण त्यांच्यातला सामना ज्याने जिंकला तो वर. २०२२च्या सिडनीतील विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या दोघांनी पाचपैकी चार-चार सामने जिंकले होते, आणि ऑस्ट्रेलियाने कॅनडाला ७५-७२ असे हरवलेले असल्याने तो गटात पहिला ठरला. तीन संघ एकमेकांना वर्तुळात हरवतात तेव्हा आपापसातल्या विजयांनीही काही सुटत नाही. मग त्याच सामन्यांतला गुणफरक पाहतात, म्हणजे केलेले गुण वजा दिलेले गुण. तोही सारखा निघाला तर त्याच सामन्यांत केलेले एकूण गुण पाहतात, आणि त्यानंतरच गटातल्या सर्व सामन्यांचा गुणफरक व एकूण गुण यांच्याकडे वळतात.

टेनेरिफेचा हिशेब असा होता. बेल्जियमने स्पेनकडून नऊ मिळवले आणि जपानला दोन दिले, म्हणून अधिक सात. स्पेनने जपानकडून तेरा मिळवले आणि बेल्जियमला नऊ दिले, म्हणून अधिक चार. जपानने दोन मिळवले, तेरा दिले, म्हणून उणे अकरा. बेल्जियम पहिला, स्पेन दुसरा, जपान तिसरा. आता बेल्जियम आणि स्पेन यांच्यातल्या सामन्यात फरक नऊऐवजी सातचा असता असे धरा: बेल्जियमचे अधिक पाच झाले असते आणि स्पेनचे अधिक सहा. आठचा असता तर बेल्जियम सहा, स्पेन पाच. स्पेनचे पहिले स्थान ज्या रेषेवर टिकत होते ती सात आणि आठ यांच्या मधून जात होती. या हिशेबात बेल्जियमने पोर्तो रिकोवर ८६-३६ असा जो पन्नास गुणांचा विजय मिळवला होता त्याचा मागमूसही कुठे नाही, हे लक्षात घ्यावे. तो संपूर्ण सामना या तिढ्यापुरता अदृश्य झाला, आणि जपानविरुद्ध जादा डावात गमावलेले दोन गुण मात्र शेवटपर्यंत मोजले गेले.

नियमात आणखी एक बारकावा आहे, आणि अनुभवी प्रेक्षकांचीही गल्लत होते ती इथेच. तीन संघांच्या बरोबरीत गुणफरकाने एका संघाचे स्थान ठरले आणि उरलेले दोन अजूनही सारखेच राहिले, तर पुढच्या निकषाकडे जायचे नसते; त्या दोघांसाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची असते. समजा, ‘अ’ने ‘ब’ला पाच गुणांनी, ‘ब’ने ‘क’ला तीन गुणांनी आणि ‘क’ने ‘अ’ला सात गुणांनी हरवले. ‘क’चे अधिक चार झाले आणि तो पहिला ठरला, ‘अ’ व ‘ब’ दोघेही उणे दोनवर राहिले. आता त्यांनी एकूण किती गुण केले हे पाहण्याचे कारण नाही. दोघांतला सामना ‘अ’ने जिंकला आहे, म्हणून ‘अ’ दुसरा.

पहिल्या स्थानासाठी एवढा आटापिटा कशाला, हे त्या वर्षीच्या रचनेत दडलेले आहे. १६ संघ, चार-चारांचे चार गट. गटात पहिला येणारा थेट उपांत्यपूर्व फेरीत. दुसरा आणि तिसरा यांना शेजारच्या गटातल्या तिसऱ्या-दुसऱ्याशी एक मधला सामना खेळून तिथे पोहोचावे लागते, आणि चौथा घरी जातो. त्यामुळे बेल्जियमला विश्रांती मिळाली, स्पेनला सेनेगलशी आणि जपानला चीनशी खेळावे लागले. स्पेन ६३-४८ असा पार झाला, जपान ८७-८१ असा बाहेर पडला. गंमत अशी की ती विश्रांती बेल्जियमला शेवटी पुरली नाही: दोन्ही संघ उपांत्य फेरीत हरले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा जादा सामना खेळून आलेल्या स्पेनने तो ६७-६० असा जिंकला. त्यामुळे विश्रांतीचे मोल ठरवताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. तरीही कोणत्याही प्रशिक्षकाला विचारले तर तो विश्रांतीच मागेल, याविषयी मला शंका नाही.

कारण थकवा हा या स्पर्धेचा अदृश्य प्रतिस्पर्धी आहे. २०२२ मध्ये संघांची संख्या १२ वर आणली गेली आणि सहा-सहांचे दोन गट झाले. २२ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या दहा दिवसांत अंतिम फेरी गाठणाऱ्या अमेरिका आणि चीन या संघांनी प्रत्येकी आठ सामने खेळले. संघात खेळाडू बाराच असतात, पाचवे वैयक्तिक फाउल होताच खेळाडूला त्या सामन्यातून बाहेर बसावे लागते, आणि हल्ला सुरू झाल्यापासून २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकावाच लागत असल्याने मोठी आघाडी घेऊन रेंगाळण्याची सोय नसते. अशा वेळी प्रशिक्षकापुढे एक पेच उभा राहतो. वीस गुणांची आघाडी असताना मुख्य पाच खेळाडूंना बसवावे तर त्यांचे पाय उद्यासाठी वाचतात, पण राखीव खेळाडूंनी आघाडी वीसवरून दहावर येऊ दिली तर तीन दिवसांनी बरोबरीच्या हिशेबात तेच दहा गुण अंगावर येऊ शकतात. टेनेरिफेच्या स्पेनला विचारावे.

याच कारणाने विश्वचषकाच्या साखळी फेरीत एक दृश्य दिसते, जे स्थानिक स्पर्धांमध्ये उद्धटपणाचे वाटावे. पंधरा गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या दहा सेकंदांतही चेंडू नुसता हातात न धरता बास्केट करायला धावतो, आणि हरणारा संघ शेवटच्या क्षणापर्यंत बचाव करत राहतो. पराभूत संघाचा अपमान करण्याचा हेतू त्यात नसतो. दोघेही एकाच आकड्यासाठी खेळत असतात. बाद फेरी सुरू झाली की हे दृश्य नाहीसे होते, कारण तिथे एक गुणाचा विजय आणि चाळीस गुणांचा विजय सारखाच. २०२२च्या उपांत्य फेरीत अमेरिकेने कॅनडाला ८३-४३ असे हरवले आणि चीनने यजमान ऑस्ट्रेलियाला ६१-५९ असे. दोघांनाही अंतिम सामन्याचे तिकीट एकाच किमतीत मिळाले. तो अंतिम सामना अमेरिकेने ८३-६१ असा जिंकला. जाता जाता सांगायचे तर, त्याच स्पर्धेत कांस्यपदकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन जॅक्सनने, निवृत्तीतून परत येऊन, वयाच्या ४१ व्या वर्षी ३० गुण केले. आठ सामन्यांच्या थकव्याविषयी मी वर जे लिहिले त्याला हा अपवाद.

अमेरिकेच्या बाबतीत मात्र गुणफरकाचे हे सारे गणित निरर्थक ठरते. सिडनीत दक्षिण कोरियाविरुद्ध या संघाने १४५-६९ असा विजय मिळवला. २००६च्या उपांत्य फेरीत रशियाकडून ७५-६८ असा पराभव झाल्यानंतर २०२२पर्यंत विश्वचषकात तो एकही सामना हरला नाही. पहिली स्पर्धा १९५३ मध्ये चिलीतील सांतियागो येथे झाली, दहा संघ आले आणि अमेरिका जिंकली. १९५७ मध्ये रिओ दि जानेरोत त्यांनी विजेतेपद राखले. पण त्यानंतरची दोन दशके सोव्हिएत संघाची होती: १९५९ ते १९७५ या काळातील पाचही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. त्यातही १९५९च्या मॉस्कोतील स्पर्धेत अमेरिका उतरलीच नव्हती, आणि १९७९ मध्ये सोलमध्ये अमेरिका पुन्हा जिंकली तेव्हा सोव्हिएत संघ गैरहजर होता. शीतयुद्धातले हे दोन निकाल वाचताना समोर कोण नव्हते हे आधी पाहावे. दोघे समोरासमोर असताना किती अटीतटीचे होत असे, याचा दाखला म्हणजे १९८३ची साओ पावलोतील अंतिम लढत, जी सोव्हिएत संघाने ८४-८२ अशी जिंकली. २०२२पर्यंतच्या हिशेबात अमेरिकेची ११, सोव्हिएत संघाची सहा आणि ब्राझील व ऑस्ट्रेलिया यांचे प्रत्येकी एक विजेतेपद आहे. ब्राझीलने १९९४ मध्ये ओर्तेन्सिया आणि पाउला या आपल्या खेळाडूंच्या जोरावर उपांत्य फेरीत अमेरिकेला ११०-१०७ असे हरवून, अंतिम सामन्यात चीनला नमवून, ते मिळवले. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये रशियाला. ही स्पर्धा पूर्वी जागतिक अजिंक्यपद म्हणून ओळखली जाई. विश्वचषक हे नाव टेनेरिफेपासूनचे.

पण विश्वचषकाचे दहा दिवस हा जिन्याचा वरचा टप्पा झाला. खालच्या पायऱ्या दूरचित्रवाणीवर फारशा दिसत नाहीत. २०२६च्या बर्लिनमधील स्पर्धेसाठी पुन्हा १६ संघ ठेवले आहेत, म्हणजे टेनेरिफेसारखेच चार-चारांचे गट. त्यात यजमान म्हणून जर्मनीला जागा मिळाली, आणि चार खंडांच्या २०२५च्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळाला: युरोपातून बेल्जियम, आफ्रिकेतून नायजेरिया, अमेरिका खंडांतून अमेरिका, आणि आशिया-ओशनियातून ऑस्ट्रेलिया. उरलेल्या ११ जागांसाठी २४ संघांच्या चार पात्रता स्पर्धा ठेवण्यात आल्या, आणि त्यांत आधीच पात्र ठरलेल्या पाच संघांनाही खेळणे भाग होते. नियम वाचताना हे कलम चमत्कारिक वाटते. पण यजमान आणि विजेते सरावाविना थेट मुख्य स्पर्धेत उतरू नयेत आणि पात्रता स्पर्धांना प्रेक्षक मिळावेत, एवढा व्यवहार त्यात उघड दिसतो. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, मेक्सिको सिटी आणि रवांडातील किगाली येथे पूर्वपात्रता स्पर्धा झाल्या होत्या.

या जिन्यावर क्वचित कोणी न जिंकताही वर येतो. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला वगळण्यात आले आणि त्याची जागा पोर्तो रिकोला मिळाली. नायजेरियाच्या सरकारने आपला संघ मागे घेतला आणि मालीला बोलावणे गेले. मालीने पाचही साखळी सामने गमावले. चार वर्षांपूर्वी टेनेरिफेत तिघांकडून हरलेल्या पोर्तो रिकोने मात्र मागल्या दाराने मिळालेल्या प्रवेशाचे सोने केले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली.

आशियाच्या वाटेवर भारताचाही पाय पडलेला आहे. १९६५ मध्ये सोलमध्ये सुरू झालेली महिला बास्केटबॉलची आशियाई स्पर्धा दर दोन वर्षांनी होते आणि तिच्यात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन श्रेणी आहेत. विश्वचषकाची वाट ‘अ’ श्रेणीतल्या आठ संघांमधून जाते. ‘ब’ श्रेणीचा विजेता सहसा वर चढतो आणि ‘अ’ श्रेणीतला शेवटचा खाली उतरतो. २०१७पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हेही या स्पर्धेत खेळू लागले, त्यामुळे चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या सावलीत उभ्या असलेल्या संघांसाठी दार आणखी अरुंद झाले. त्याच वर्षी बंगळुरूत भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून ‘ब’ श्रेणी जिंकली आणि वरची पायरी गाठली. २०१९ मध्ये त्याच शहरात ‘अ’ श्रेणीची स्पर्धा झाली आणि भारत आठवा आला. पुण्याची शिरीन लिमये ही या काळातल्या भारतीय संघातली महत्त्वाची खेळाडू.

२०१९ मध्ये शेवटचा येऊनही २०२१ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे भारत पुन्हा ‘अ’ श्रेणीत खेळला. सलामीलाच जपानकडून, म्हणजे त्याच उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकचे रौप्यपदक घेऊन आलेल्या संघाकडून, १३६-४६ असा पराभव झाला. नव्वद गुणांचा फरक पाहून समाजमाध्यमांवरची थट्टा अटळ होती. पण आतापर्यंतचा हिशेब ज्याने वाचला आहे त्याला त्या नव्वद गुणांचे वजन किती हे कळेल. बरोबरीत कोणी नव्हतेच, म्हणून ते वजन शून्य. दोन्ही गटांत चौथे आलेले संघ सातव्या स्थानासाठी खेळणार होते, आणि त्यातला हरणारा श्रेणी गमावणार होता. समोर फिलिपिन्स होते. त्यांनाही चीनने नव्वदहून अधिक गुणांनी हरवले होते. या दोन संघांनी साखळीत किती दिले आणि किती घेतले याला त्या दिवशी काहीच अर्थ उरला नव्हता. चाळीस मिनिटे कोऱ्या पाटीवर खेळायची होती. फिलिपिन्सने सामना ७४-७० असा जिंकला. फिलिपिन्स २०२३ मध्ये सिडनीत आणि २०२५ मध्ये शेंझेनमध्ये ‘अ’ श्रेणीत खेळले. भारत त्या दोन्ही वेळी तिथे नव्हता.